हवा बदलली की केस, चेहरा आणि कपडे: कमी खर्चात काय करावं

ऋतू बदलला की केस फुगतात, चेहरा कधी तेलकट होतो तर कधी तडतडतो, आणि मागच्या वर्षीचे कपडे अंगावर नकोसे वाटतात. दर वेळी पार्लर आणि नवी खरेदी परवडत नाही, तर कमी पैशांत नीटनेटकं कसं राहावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं पार्लर चालवते आणि शिवणकामही करते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सविस्तर लिहिते.

या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे हवेतला ओलावा. केस, त्वचा आणि कापड, तिन्ही हवेतलं पाणी शोषतात आणि सोडतात. म्हणून कॅलेंडर बघून क्रीम बदलण्यापेक्षा हवा दमट आहे की कोरडी ते बघा. पैसे तीन ठिकाणी खर्च करा: चांगला हेअरकट, सनस्क्रीन आणि हाताचा चांगला शिंपी. बाकीच्या बाटल्यांपैकी बऱ्याचशा नसल्या तरी काही अडत नाही.

केसांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच वाया जातो. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात आणि त्यातले काही बंध पाणी लागलं की सुटतात, सुकताना पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा पडलेल्या दिसतात त्या यामुळेच. दमट हवेत हेच दिवसभर आपोआप चालू असतं. सकाळी बसवलेले केस बाहेर पडताच हवेतलं पाणी ओढतात, सरळ केलेले मूळ वळणावर जातात, कुरळे फुगतात. ज्या केसांचं वरचं आवरण रंगाने, ब्लीचने किंवा रोजच्या इस्त्रीने खरवडलं गेलंय, ते जास्त पाणी ओढतात. त्यामुळे ‘माझे केस पावसाळ्यातच राठ होतात’ म्हणणाऱ्या बाईचे केस बहुधा आधीच दुखावलेले असतात. पावसाळा ते फक्त दाखवून देतो. अशा वेळी महागड्या सीरमआधी कात्री लावावी. टोकाला फुटलेले फाटे कुठल्याही तेलाने किंवा मास्कने जुळत नाहीत. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, तेव्हा दर तीन महिन्यांनी दोन सेंटीमीटर कापले तरी लांबी वाढतच राहते.

हेअरकट करून घेताना एक गोष्ट आवर्जून सांगा: ‘मी घरी काहीही सेट करत नाही, नुसते सुकवते.’ हे कळलं की कापणारी व्यक्ती तुमच्या केसांच्या नैसर्गिक वळणाप्रमाणे कापेल. दाट, फुगणाऱ्या केसांना फार आखूड लेयर्स देऊ नयेत. वरचे आखूड केस वजन नसल्याने दमट हवेत उभे राहतात. पातळ, चपट्या केसांना खाली सरळ रेषेत कापलं तर ते भरदार दिसतात.

तेलाबद्दल मला नेहमी विचारलं जातं. खोबरेल तेल केसांच्या आत थोडं शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी करतं, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं; खनिज तेल आणि सूर्यफूल तेलात तो गुण आढळला नाही. म्हणजे तेल धुण्याआधी लावण्यात अर्थ आहे. तास-दोन तास आधी, केसांच्या लांबीला, थोडंसं. मात्र डोक्यात कोंडा असेल तर टाळूवर तेल चोळू नका. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते आणि ती टाळूच्या तेलावरच जगते. तिथे कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, फेस टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून, दोन ते चार आठवडे वापरावा. बहुतेक जणी तो लावल्या लावल्या धुऊन टाकतात आणि मग उपयोग नाही म्हणतात. औषधाला टाळूवर वेळ मिळायलाच हवा.

दमट दिवसांत शॅम्पू फक्त टाळूला, कंडिशनर फक्त कानाखालच्या केसांना. कंडिशनर वगळू नका; केस तेलकट होतील या भीतीने तो टाळणाऱ्यांचेच केस जास्त फुगतात. लीव्ह-इन म्हणजे न धुता केसांतच ठेवायचं क्रीम घेत असाल तर मागे छापलेली यादी वाचा. ग्लिसरीन अगदी वरच्या क्रमांकावर असेल तर ते फार दमट हवेत आणखी पाणी ओढून केस फुगवू शकतं. दमट दिवसांसाठी डायमेथिकोनसारखं सिलिकॉन असलेलं बरं, ते केसावर पातळ थर धरतं. सिलिकॉनची उगाच भीती घातली जाते. शॅम्पूने ते निघतं.

आता सुकवणं. ओला केस फुगलेला आणि ताणला जाणारा असतो, त्यामुळे तो सहज तुटतो. टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुना सुती टी-शर्ट घ्या, डोकं पुढे झुकवा, केस मुठीत घेऊन टोकांकडून वर दाबत पाणी टिपा. मग रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता, नंतर मधला आणि शेवटी मुळाकडचा. भांग याच वेळी पाडा, केस सुकल्यावर तो हवा तसा बसत नाही. केस तासन्‌तास ओले राहू देणंही बरं नाही. हेअर ड्रायर साधारण १५ सेंटीमीटर लांब धरून सतत हलवत ठेवला तर केसांच्या आतल्या थराला नैसर्गिक सुकवण्यापेक्षा कमी इजा होते, असं एका प्रयोगात दिसलं आहे. तेव्हा ड्रायर हा शत्रू नाही, तो एका जागी चिकटवून धरणं वाईट. हवेची दिशा मुळाकडून टोकाकडे ठेवा, आणि शेवटचा मिनिटभर थंड हवा.

दमट दिवशी केस मोकळे सोडण्याचा हट्ट सोडला तर निम्मा त्रास संपतो. एक साधा अंबाडा सांगते जो दिवसभर टिकतो. केस नव्वद टक्के सुकले की मानेवर सैल पोनी बांधा, कापडाच्या रबराने. पोनीचे दोन भाग करा, दोन्ही एकाच दिशेने पीळ द्या आणि मग एकमेकांवर उलट दिशेने गुंडाळा. उलट दिशेमुळे पीळ सुटत नाही. हा दोर रबराभोवती फिरवा आणि टोक आत खोचा. आता यू-पिन. बहुतेक जणी ती सरळ आत ढकलतात आणि तासाभरात ती बाहेर येते. पिन उलटी धरा, टोकं बाहेरच्या बाजूला. अंबाड्याच्या कडेचे थोडे केस तिच्यात पकडा, मग पिन तिथल्या तिथे उलटवून टाळूला लागून मध्याकडे सरकवा. ती अंबाडा आणि डोक्याचे केस दोन्ही धरते. चार दिशांनी चार पिना पुरतात. साध्या चपट्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची, वर नव्हे. कपाळावरचे भुरभुरे केस बसवायला जुन्या मऊ टूथब्रशवर चिमूटभर जेल किंवा दोन थेंब तेल घेऊन फिरवा.

घट्ट बांधू नका. बांधल्यावर भुवया वर खेचल्या जात असतील किंवा टाळू दुखत असेल तर केस मुळापासून ओढले जातायत. रोज असं केलं की कपाळाच्या कडेचे केस विरळ होत जातात आणि फार उशीर झाला तर परत येत नाहीत. लहान मुलींच्या वेण्यांबाबत हे जास्तच जपायला हवं.

थंडी कोरडी असेल तर केस उलट वागतात. चपटे बसतात, कंगवा फिरवला की स्थिर विजेने उडतात. तिथे धुण्याचे वार कमी करा, कंडिशनर वाढवा, प्लास्टिकऐवजी लाकडी कंगवा घ्या. लोकरी टोपीच्या आत सॅटिनचं अस्तर लावून घेतलं तर केस घासत नाहीत; हे कोणीही शिवून देईल, एखाद्या जुन्या ओढणीच्या तुकड्यातूनही होतं.

इस्त्री वापरत असाल तर केस पूर्ण कोरडे असल्याशिवाय नाही. ओल्या केसावर गरम प्लेट आली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात, आणि तिथेच तो मोडतो. चर्र आवाज येतो तो त्याचाच. तापमान १८० अंशांच्या आत ठेवा, एका बटेवरून एकदाच फिरवा.

केराटिन, स्मूदनिंग असल्या नावांखाली केस सरळ करून देणाऱ्या ट्रीटमेंटबद्दल मी स्पष्ट बोलते. यातल्या काहींमध्ये फॉर्मल्डिहाइड किंवा गरम केल्यावर ते सोडणारी द्रव्यं असतात. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं असं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली केलं. ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काहींमध्ये ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं आणि त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. काम चालू असताना डोळे झोंबतात, घसा खवखवतो, तरी ‘चांगलं लागलंय’ म्हणून बसून राहू नका, उठा. पावसाळ्यापुरत्या सरळ केसांसाठी ही जोखीम घेण्यासारखी नाही असं माझं ठाम मत आहे.

रंगाचंही थोडं. काळ्या रंगात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं द्रव्य असतं, त्याची ॲलर्जी पहिल्या वेळी न येता पाचव्या वेळीही येऊ शकते. म्हणून दर वेळी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा रंग लावून ४८ तास थांबा. मेंदी केसांना आणि हातांना लालसर-तपकिरी रंगच देते. तासाभरात काळाकुट्ट रंग देणारी ‘काळी मेंदी’ निव्वळ मेंदी नसते, तिच्यात बहुतेक पीपीडीच मिसळलेलं असतं. ती हातावर काढून फोड आलेले मी पाहिले आहेत आणि तो डाग महिनोन्‌महिने जात नाही.

त्वचेचं काम त्या मानाने सोपं. दमट दिवसांत सौम्य फेसवॉश दोनदा आणि पातळ जेल मॉइश्चरायझर. चेहरा तेलकट आहे म्हणून चार-चार वेळा धुतला तर तो ताणतो, जळजळतो. कोरड्या थंडीत जाड क्रीम, आणि ते आंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच लावायचं. पाणी कोमट. ओठ चाटू नका, लाळ सुकताना ओठांतलं पाणीही घेऊन जाते. साधी पेट्रोलियम जेली पुरते. फुटलेल्या टाचांना दहा टक्के युरिया असलेलं क्रीम रात्री लावून वर सुती मोजे घाला. महागड्या फूट क्रीमपेक्षा याने लवकर फरक पडतो.

सनस्क्रीनवर मात्र काटकसर करू नका, म्हणजे मात्रेत. बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा, हा त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम इतकं लावून मोजलेला असतो. आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ काढा, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडवतो आणि ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे पन्नासचं थोडं लावण्यापेक्षा तीसचं पुरेसं लावणं कितीतरी चांगलं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ढगाळ दिवशीही लावायचं, पातळ ढगांतून बराच अतिनील प्रकाश खाली येतो.

आणि कृपा करून लिंबू चेहऱ्यावर चोळू नका. त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण पाचच्या आसपास असतो, लिंबाचा दोनच्या, खाण्याच्या सोड्याचा आठच्या वर. दोन्ही टोकं त्वचेला मानवत नाहीत. त्यातून लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात. यापेक्षा घातक म्हणजे ‘आठ दिवसांत गोरेपणा’ देणारी, लेबल नसलेली क्रीम. अशांत अनेकदा स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा खरंच उजळ वाटतो, थांबवलं की लाल होतो, पुरळ येतं, लव वाढते. कुणी आधीपासून वापरत असेल तर अचानक बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

आता कपडे. कापड हवेतलं किती पाणी धरतं याचे ठरलेले आकडे आहेत: सुती कापड स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के, लिनन बारा, रेशीम अकरा, व्हिस्कोस म्हणजे रेयॉन तेरा, लोकर सोळा आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४. उकाड्यात पॉलिएस्टर अंगाला चिकटतं आणि घामाचा वास धरतं, कारण ते घाम आत घेतच नाही. पण हाच गुण पावसात उलटा उपयोगी: भिजलं तरी झटकून तासाभरात वाळतं. म्हणून भर पावसात बाहेर पडताना खाली पातळ पॉलिएस्टरची किंवा नायलॉनची पँट आणि वर सुती मिश्र कापडाचा कुर्ता ही जोडी मला सगळ्यात व्यवहारी वाटते. जाड जीन्स पावसात घालू नये. भिजली की जड होते, दोन-दोन दिवस वाळत नाही, मांड्यांना पुरळ येतं. रेयॉन स्वस्त आणि अंगावर सुंदर पडणारं कापड, पण ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. ते पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. सूत उलट ओलं झाल्यावर मजबूत होतं, म्हणून रोज धुण्याच्या कपड्याला सुतीच टिकतं.

उन्हाळ्यात सगळे पांढरं पातळ कापड घ्या म्हणतात. थंड वाटायला ते ठीक. पण साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचं उन्हापासूनचं संरक्षण फार कमी, साधारण पाच ते सात एसपीएफएवढं, आणि तो घामाने भिजला की आणखी कमी. दुपारच्या उन्हात फिरायचं असेल तर दाट विणीचा, सैल, पूर्ण बाहीचा आणि थोड्या गडद रंगाचा कपडा घ्या. सैल असला की आत हवा खेळते, मग गडद रंगाचा त्रास फारसा होत नाही.

खरेदी करताना ‘प्युअर कॉटन’ या शब्दावर जाऊ नका. कापड मुठीत दहा सेकंद घट्ट आवळा आणि सोडा. सुतीवर सुरकुत्या राहतात, पॉलिएस्टर झटकन सरळ होतं. उजेडासमोर धरून वीण बघा. धागे सरकलेले, मधेच विरळ दिसत असतील तर ते दोन धुण्यांत लोंबेल. शिवणीच्या दोन्ही बाजू हलकेच ओढा, टाक्यांमधून उजेड दिसला तर शिवण उसवणार. घरी आणल्यावर आतल्या शिलाईतला एखादा धागा ओढून चिमट्यात धरून जाळून बघू शकता. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते, रेशीम आणि लोकर जळताना जळक्या केसांचा वास येतो.

स्वस्त कपडा महाग दिसतो तो फिटिंगमुळे, आणि इथेच शिंप्याचा पैसा वसूल होतो. तयार कपडा घेताना फक्त खांदा बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. खांदा उतरलेला असेल तर तो दुरुस्त करायला मुंढा, बाही सगळं उसवावं लागतं आणि ते काम कपड्याच्या किमतीएवढं होतं. बाकी कंबर, घेर, लांबी, बाही हे सगळं कमी पैशांत होतं. कपडा घट्ट असेल तर आतला दाब, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड बघा. दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटीमीटर कापड असेल तरच सैल करता येईल. बाहीची लांबीही नीट बघा: दंडाच्या सगळ्यात जाड भागावर बाही संपली तर दंड जाड दिसतो, दोन बोटं वर किंवा कोपराच्या जरा वर संपली तर नाही. शिवायला टाकणार असाल तर सुती कापड आणि अस्तर दोन्ही आधी रात्रभर भिजवून वाळवा. अस्तर न भिजवता लावलं की पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुग्यासारखं लोंबतं.

ऋतूसाठी वेगळं कपाट लागत नाही. खालच्या अंगाचे दोन-तीन कपडे एकाच रंगकुळातले, काळे, निळे किंवा मातकट, असे ठेवा की वरचा कुठलाही कपडा त्यांवर चालेल. थंडीत त्याच सुती कुर्त्याच्या आत पातळ थर्मल घाला. दोन पातळ थरांमधली हवा एका जाड स्वेटरइतकीच ऊब देते. हंगामाचे कपडे हंगाम संपताना घ्या, तेव्हा भाव उतरलेले असतात. फक्त पुढच्या वर्षी अंगाला येतील का याचा विचार करून घ्या.

नव्या कपड्याचा रंग पक्का करण्यासाठी मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायची पद्धत सगळीकडे सांगितली जाते. कारखान्यात चढवलेला रंग त्याने पक्का होत नाही. पहिले तीन-चार वेळा थंड पाण्यात, वेगळं, उलटं करून धुवा आणि सावलीत वाळवा. शंका असेल तर पांढरा ओला रुमाल शिवणीवर घासून बघा. रंग लागला तर तो कपडा कायम वेगळाच धुवायचा. दमट दिवसांत कपडा पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नका. कुबट वास आलाच तर गरम पाण्यात, कापडाला चालत असेल तेवढ्या, पुन्हा धुऊन पंख्याखाली वाळवा. वरून अत्तर मारून तो जात नाही. रेशमी आणि जरीचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात गुंडाळा आणि अधूनमधून घडी मोडून दुसरीकडे घाला, नाहीतर जरीचे धागे घडीवरच तुटतात.

केसांबाबत एक राहिलं. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचं आहे. मोठा ताप, बाळंतपण किंवा कडक डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर गळू लागतात आणि बऱ्याचदा ते आपोआप थांबतं. पण गोल चकत्या पडत असतील, भांग रुंद होत चालला असेल किंवा टाळूवर खपल्या, पू, वेदना असेल तर पार्लरमध्ये हेअर स्पा करायला येऊ नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्या पैशांत तपासणी आणि योग्य औषध दोन्ही बहुधा होतं.